लाल रेघ नसलेली बाटली

आठवडा उलटलेल्या रक्ततपासणीच्या बाटल्या टाकून द्यायला पेनिआमिनाने उचलल्या आणि एका बाटलीपाशी त्याचा हात थांबला. तिच्यावर तेउइलाचं नाव होतं, लाल रेघ नव्हती.

आपिया शहरातल्या इस्पितळात तो एकतीस वर्षं रक्त तपासत होता. रोग्याला आधीच पेनिसिलिन टोचलेलं असलं, तर रक्तातले जंतू बाटलीत वाढत नाहीत. म्हणून पेनिसिलिन मोडून टाकणाऱ्या एन्झाइमचे थेंब आधी घालायचे आणि लगेच लाल रेघ ओढायची, ही त्याचीच शिस्त. नव्या मुलींना तो त्यावरून सळो की पळो करायचा. तेउइलाचं रक्त आलं त्या दिवशी मात्र चर्चमधल्या गाण्याच्या तालमीला उशीर होत होता आणि नेमका तोच विसरला. ‘जंतू नाहीत’ असा शेरा गेला. साधा ताप समजून तेउइलाला घरी पाठवलं. चौदा वर्षांची पोर कालच गेली होती.

त्याने आता बाटलीत थेंब घातले. दुसऱ्या दिवशी आतलं पाणी गढूळ झालं होतं; जंतू वाढले होते.

तो थोरल्या भावाकडे गेला. ओसोवाए हा घराण्याचा प्रमुख. रीतीप्रमाणे त्याच्याशिवाय माफी मागायला जाता येत नव्हतं.

“कुणाला कळलंय?” दादाने विचारलं.

“मला.”

“सहा महिन्यांत निवृत्त होशील. गप्प बस की.”

“बाटली धुऊन टाकता आली असती, दादा. नाही टाकली.”

दादाने उठून पेटीतून आईच्या हातची बारीक विणीची चटई काढली.

उजाडताना दोघे भाऊ तेउइलाच्या अंगणात ती चटई डोक्यावर घेऊन गुडघ्यांवर बसले. घरच्यांनी चटई उचलली तर माफी, नाहीतर दगडही बसू शकतो. ऊन चढलं. पेनिआमिनाला दगडाची भीती नव्हती, शरमेनेच तो अर्धा झाला होता.

चटई उचलली ती तेउइलाच्या आईने, फिलोईने. त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि घरातून सुयांचं कार्ड आणलं.

“हृदय नाजूक म्हणून दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई. पाच वर्षांत एक चुकवली नाही आम्ही,” ती म्हणाली. “रक्त घेतलं त्याच्या आदल्या दिवशीही मीच नेलं तिला. नसतं नेलं, तर जंतू दिसले असते ना?”

“सुईला नेलंस ते बरोबरच केलंस, पोरी. चुकलो मी.”

तिने कार्ड त्याच्या हातात दिलं. तारखेपुढे तारीख, प्रत्येक चौकोनात खूण होती. एकही सुटली नव्हती.