बोटभर जागा

मित्रांनो, आधीच सांगून टाकते. मी लहान नाही आणि मोठीही नाही. मी मापात आहे. मी एक जुनी, राखाडी, पाठीवर घ्यायची सॅक आहे. विमानात पुढच्या सीटखाली मावेन एवढीच मला शिवली, आणि त्या दिवसापासून आजवर मी सुतभरही वाढलेली नाही. तरीही ‘ही बॅग मेली कुचकामी’ हे वाक्य मला ऐकावे लागले, आणि तेही ज्यांनी मला ठासून ठासून फुगवले त्यांच्याच तोंडून! माझा राग रास्त आहे की नाही ते तुम्हीच ठरवा. मला तो नीट मांडता येईल की नाही, याचीच मला शंका आहे.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. माझे पट्टे शिवणाऱ्या बाईने टीप घातली, तिच्यावर दुसरी टीप घातली आणि दोन्ही हातांनी पट्टा खेचून पाहिला. “ही काही उसवायची नाही,” ती शेजारणीला म्हणाली. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. त्यानंतर बरीच वर्षे दुसरे आले नाही.

दुकानात मला निवडले ते एका निवृत्त ग्रंथपालांनी. त्यांनी खिशातून शिंप्याची टेप काढून माझी उंची, रुंदी आणि जाडी मोजली आणि आकडे चिठ्ठीशी ताडून पाहिले. तरी त्यांचे समाधान होईना. शेवटी ते हळूच म्हणाले, “जरा एक खुर्ची मिळेल का?” मला खुर्चीखाली सरकवून ते वर बसले आणि पाय पुढे ठेवता येतात का ते पाहू लागले.

“काका, बॅग घेताय की खुर्ची?” दुकानदार म्हणाला.

ग्रंथपाल कानापर्यंत लाल झाले आणि मला घेऊन निघाले. एवढे मोजमाप करून एक चूक राहिलीच. त्यांनी माप घेतले ते माझ्या रिकाम्या पोटाचे.

आमचा प्रवास ठरलेला असे. महिन्यातून एकदा, तासाभराच्या विमानाने, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. तिला ते आक्का म्हणत. आक्काची नजर गेल्यातच जमा होती, आणि वाचनावाचून तिला अन्न गोड लागत नसे. म्हणून ग्रंथपाल एक जाडजूड कादंबरी घेऊन जात आणि तिला दोन-तीन प्रकरणे वाचून दाखवत. मला ते स्वतः भरत. सगळ्यात आधी पुस्तक, माझ्या पाठीला टेकवून, म्हणजे वजन खांद्याला ओढत नाही. मग गुंडाळी केलेले दोन कपडे. वर औषधे आणि चष्मा, चटकन हाताला लागतील असे. बस्स. मी हलकी असे, आणि खरे सांगायचे तर सुखी असे.

पुढे आक्काच्या छातीचे मोठे ऑपरेशन ठरले. सोमवारचा दिवस मिळाला. तिने फोन केला. “बाबू, शेवटची तीन प्रकरणं राहिलीत. ती ऐकूनच मी आत जाणार. अर्धवट सोडून जायची मला सवय नाही, ठाऊक आहे ना तुला?”

“शनिवारी येतो आक्का. पुस्तक घेऊनच येतो.”

या वेळी आठ दिवसांचा मुक्काम होता, म्हणून घरातल्या सगळ्यांचे प्रेम उतू गेले आणि सगळे माझ्यात ओतले गेले. पत्नीने दोन स्वेटर आणि मफलर कोंबला. “अहो, दवाखान्यात गारठा असतो.” मुलीने गरम पाण्याची पिशवी, घरातल्या चपला आणि बिस्किटांचे तीन पुडे भरले. “बाबा, एवढंसं तर आहे!” जावयांनी छत्री आणली, आणि पाठोपाठ एक टॉर्चही.

“मी जातोय तिथे दिवे आहेत,” ग्रंथपाल पुटपुटले.

“असू द्या, असू द्या. असलेलं बरं.”

असलेलं बरं! मित्रांनो, या दोन शब्दांनी माझ्या जातीचे जेवढे हाल केले, तेवढे पावसाने आणि उंदरांनीही केले नसतील. माझ्या चेनवर गुडघा ठेवून ती ओढली गेली. माझ्या शिवणी कण्हल्या. ते ऐकणारे कोण होते?

विमानाच्या दाराआधी एक लोखंडी चौकट असते. तिच्यात बॅग बसली तर वर, नाहीतर खाली सामानात. ग्रंथपालांनी मला तिच्यात ठेवले. मी अर्ध्यावर अडकले. त्यांनी दाबले, पण मी हलेना. माझा बांधा तोच होता हो, पोट तेवढे माझे राहिले नव्हते!

“आजोबा, हिच्यातलं काहीतरी काढा, नाहीतर बॅग खाली द्या. हातातही वेगळं काही नेता येणार नाही,” तिथली कर्मचारी बाई म्हणाली. “जरा लवकर. मागे रांग आहे.”

मफलर गळ्यात घालता आला असता. एक स्वेटर अंगावर चढवता आला असता. पुडे रांगेतल्या पोराबाळांना वाटता आले असते. हे सगळे मला सुचत होते, पण मला तोंड नाही. आणि लाजऱ्या माणसाच्या मागे रांग उभी राहिली की त्याचे डोके चालत नाही. मला खाली द्यावे तर औषधे आत, म्हणून त्यांनी मला उघडले. स्वेटर काढू? पत्नी विचारेल. चपला काढू? मुलीला वाईट वाटेल. छत्री जावयांची. दुसऱ्याने दिलेल्या एकाही वस्तूला त्यांचा हात धजेना. शेवटी त्यांनी स्वतःची म्हणून जी एकच जाडजूड वस्तू होती ती काढली, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकवेना म्हणून शेजारच्या कठड्यावर ठेवली.

मी चौकटीत सरकले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

“आणलंस?” आक्काने दारातच विचारले.

ग्रंथपालांनी सगळे सांगितले, मान खाली घालून. ते पुस्तक आता बाजारातही मिळत नव्हते.  आक्काने मला पलंगावर उपडे केले आणि एकेक वस्तू चाचपू लागली. “हे काय? चपला. हे? टॉर्च, आंधळीकडे यायला! ह्यातलं काय वाचून दाखवणार आहेस मला, बाबू? छत्री?”

“चुकलं आक्का.”

“पस्तीस वर्षं ग्रंथालय सांभाळलंस. शिपायांवर ओरडायचास ना, फळी काठोकाठ भरू नका, पुस्तक काढायला बोट जाईल एवढी जागा सोडा? मग ह्या बिचारीला का अशी कोंबलीस?”

बिचारी! मला कोणीतरी बिचारी म्हटले. दोन टिपांच्या त्या बाईनंतर हीच.

मग आक्का छातीवर हात ठेवून हसली. “जाऊ दे. शेवट राहिला ना? मग मला परत यावंच लागेल. डॉक्टरांना सांग, बाईंचं पुस्तक अर्धवट आहे, जरा बेतानं.”

सोमवारी ग्रंथपाल मला मांडीवर घेऊन बसले होते. पाच तास त्यांनी माझा पट्टा सोडला नाही. आक्का परत आली.

घरी मात्र खापर माझ्यावरच फुटले. “बॅगच कुचकामी. चाकांची मोठी घ्या,” असे ठरले, आणि मी कपाटावर चढले. दोन महिने धूळ खाल्ली. तेवढ्या काळात ग्रंथपाल विमानतळावर चकरा मारत होते. ज्यांना दुकानात खुर्ची मागताना घाम फुटला, ते तीन खिडक्यांपुढे उभे राहिले, दोनदा हात हलवत परत आले आणि तिसऱ्यांदा हरवलेल्या वस्तूंच्या खोलीतून पुस्तक घेऊनच आले. त्याच दिवशी त्यांनी मला खाली काढून पुसले आणि पुठ्ठ्याची एक चौकट केली, विमानतळावरच्या मापाची. मला भरले आणि भरलेली मोजली.

पत्नी मफलर घेऊन आली. “अहो, एवढंसं तर आहे.”

“नको.”

“जागा आहे की अजून!”

“आहे. ती मोकळीच ठेवायची आहे.” आणि त्यांनी माझी चेन लावली. मफलर परत गेला.

मित्रांनो, आम्हाला मापे असतात. ती आम्ही लपवत नाही, उरावर शिवून घेऊन फिरतो. प्रेम करा, पण ते दुसऱ्याच्या पोटात गुडघा रोवून कोंबू नका. आणि भरताना आधी ते ठेवा, ज्याच्यासाठी निघाला आहात.

त्या शनिवारी ग्रंथपालांनी दोन प्रकरणे वाचली. तिसरे उघडले तसा आक्काने पानावर हात ठेवला. “आज नको. हे पुढच्या खेपेला.”

परतीच्या विमानात मी सीटखाली निवांत बसले होते. माझ्यात बोटभर जागा मोकळी होती, आणि पुस्तकात एक प्रकरण.