सरांचे तीन केस

सूक्ष्मजीवशास्त्राच्या आमच्या सरांच्या डोक्यावर केस तीन आणि तोंडात नियम तीनशे. त्यातला पहिला नियम असा, की जंतू वाढवायच्या प्लेटवर नाव लिहायचं ते तळाला, झाकणावर नाही. झाकणं बदलतात. हे ते दर तासाला सांगत आणि मी दर तासाला झाकणावरच लिहीत असे. शेजारची स्कॉलरही तेच करी. आतलं काम बिनचूक असलं की बाहेर कोण बघतं, असा तिचा तोरा. ती डावखुरी, मी उजवी, आणि ती बसे माझ्या उजवीकडे. आमची कोपरं एकमेकींना लागत आणि वर्षभर त्यावरून आमचं वाजत असे.

शनिवारी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. काम ऐकायला सोपं. तारेचं लूप बर्नरवर लाल करायचं, थंड होऊ द्यायचं, पिवळ्या जंतूंत बुडवून प्लेटमधल्या अगारवर, म्हणजे जंतूंच्या खाऊच्या जेलीवर, रेघा मारायच्या. मग लूप पुन्हा भाजायचं आणि आधीच्या रेघांच्या टोकातून नव्या रेघा ओढायच्या. असं करत जंतू विरळ होत जातात आणि शेवटी एकेकटे पडतात. अशा एकट्या जंतूची वाढून टिकलीएवढी कॉलनी होते. सुट्या कॉलन्या आल्या की पास. माझ्या आजवर कधी आल्या नव्हत्या, कारण लूप थंड होईपर्यंत थांबणं माझ्या रक्तातच नाही. नापास झाले तर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकायला बसायचं, असं घरी ठरलं होतं. मामाने गल्ल्यामागे स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं.

मी प्लेट उघडते न उघडते तोच सर मागून म्हणाले, "भिंतीला चुना फासायचा हात आहे हा. ब्रश देऊ का आणून?"

अख्खा वर्ग हसला. स्कॉलर जरा जास्तच.

माझं डोकं फिरलं. नापास तर होणारच, मग हसत तरी होऊ, म्हणून मी त्या प्लेटवर सरांनाच काढलं. जंतूंची रेघ मारताना दिसत नाही, उगवल्यावर दिसते, त्यामुळे तेव्हापुरती भीती नव्हती. भरल्या लूपने गरगरीत चेहरा काढला, मग झुपकेदार मिशी, मग भुवया. लूप भाजलं आणि नेमके सर शेजारी येऊन उभे राहिले. मी गरीब गाईसारखा चेहरा करून लूप धरून नुसती उभी. ते हलल्यावर लूप पुन्हा बुडवायलाही थांबले नाही, भुवईतूनच तीन केस वर ओढले.

प्लेट झाकणार तेवढ्यात कोपर लागलं. दोघींची झाकणं टेबलावर घरंगळली.

"दिसत नाही का गं?" मी म्हणाले.

"तुलाच दिसत नाही!"

भांडता भांडता हाताला येईल ते झाकण लावून आम्ही प्लेटा उलट्या करून जंतू उगवायच्या उबदार कपाटात, इनक्युबेटरमध्ये, ठेवल्या.

रविवारी मामा घरी येऊन माझ्या उंचीचं माप घेऊन गेला. म्हणे स्टूल बुटकं पडेल. तेव्हा मला मनापासून रडू आलं.

सोमवारी सरांनी प्लेटा काढल्या. माझ्या नावाच्या झाकणाखाली सुरेख, सुट्या टिकल्यांची प्लेट निघाली. स्कॉलरच्या नावाखाली पिवळेधमक सर निघाले, मिशीसकट.

"हा मी आहे का?" सरांनी विचारलं.

हो म्हटलं तरी पंचाईत, नाही म्हटलं तर धडधडीत खोटं.

स्कॉलर रडकुंडीला आली. "सर, ही माझी नाही! झाकणं बदललीत!"

"नाव झाकणावर लिहिलं होतंस?"

ती हुंदके द्यायला लागली. मला तिचं वाईट वाटलं, अगदी खरं. पण डोळ्यांपुढे ते स्टूल होतं. मी मूग गिळून बसले.

सरांनी सुरेख प्लेट उचलून निरखली. "तू कोणत्या हाताने लिहितेस?" त्यांनी मला विचारलं.

"उजव्या."

"ह्या रेघा डाव्या हाताच्या आहेत."

स्कॉलरचा हुंदका अर्ध्यावरच थांबला.

सर चित्र घेऊन खिडकीशी गेले, भिंग लावलं. चेहरा, मिशी, भुवया, सगळा नुसता लगदा होता. तिसऱ्या केसापाशी मात्र ते थबकले.

"इकडे ये. बघ."

केस मुळाशी दाट होता, पुढे विरळ होत गेला होता, आणि टोकाला सुट्या, गोल, पिवळ्या कॉलन्या.

"लूप भाजलं होतंस?"

"हो, सर."

"थंड होऊ दिलंस? तू?"

"तुम्ही शेजारी उभे होतात म्हणून."

"आणि परत बुडवलं नाहीस." सरांनी सुस्कारा सोडला. "वर्षभर घसा फोडून शिकवलं, आणि उगवलं कुठे, तर माझ्या टकलावर!"

त्यांनी मला पास केलं. झाकणावर नाव लिहिल्याबद्दल दोघींचे मार्क कापले, स्कॉलरचे आयुष्यात पहिल्यांदा. मग प्लेट माझ्या हातात दिली. "जा, मला ऑटोक्लेव्हमध्ये घालून ये." वापरलेली प्लेट वाफेत शिजवल्याशिवाय फेकायची नाही, हाही त्यांचाच नियम.

मी दारापर्यंत पोहोचले तोच त्यांनी हाक मारली.

"आणि पुढच्या वेळी," टकलावरून हात फिरवत ते म्हणाले, "केस भरपूर काढ."