साहेब अम्मानला गेलेत

जॉर्डनमधल्या अजलूनच्या ओकच्या रानात, वडिलांनी मागे ठेवलेल्या उतारावरच्या जमिनीत वस्फीने पर्यटकांसाठी पाच लाकडी घरं उभी केली, तेव्हा त्याला वाटलं, अवघड ते सगळं संपलं. नकाशे त्याचे, निम्मं सुतारकामही त्याचंच. बिछाने आले, चादरी आल्या, पडदे लागले. आता फक्त एक माणूस हवा होता. चादरी बदलायला, फरशी पुसायला, न्हाणीघर घासायला.

त्याने गावात निरोप फिरवला. सात जण आले. सातही जण मॅनेजर व्हायला तयार होते!

"अरे बाबांनो, घरं पाच," वस्फी म्हणाला. "सात मॅनेजर करणार काय?"

"देखरेख."

"कोणावर?"

"साफसफाईला तुम्ही कोणीतरी ठेवालच की, त्याच्यावर."

"तेच तर विचारतोय. ते काम तुमच्यापैकी कोण करेल?"

सातही जण एकदम जमिनीकडे बघायला लागले. शेवटी एकाने सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं, "ऐब आहे हो ते."

ऐब! मंडळी, शब्द ओळखीचा आहे ना? स्थळ बघताना आपणही म्हणतो, मुलात काही ऐब नाही. पण आमच्या या डोंगरात दोन अक्षरांच्या या शब्दाने जेवढी माणसं घरी बसवली आहेत, तेवढी आजारपणाने बसवली नसतील. पदवी घेऊन चार वर्षं अंथरुणात लोळणं ऐब नाही, बापाच्या पेन्शनवर सिगारेटी ओढणं ऐब नाही. दुसऱ्याची चादर बदलणं मात्र ऐब!

वस्फी तरी कुठे वेगळा होता? तो स्थापत्य इंजिनिअर. स्वतःच बादली उचलावी असं त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही, पण चुलते अबू हायल, त्याचे अम्मो, यांनी आधीच खडसावून ठेवलं होतं. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचाच.

"तुझ्यासाठी जाहा घेऊन मी इर्बिदला जाणार," ते म्हणाले होते. "पन्नास मानाची माणसं बरोबर घेऊन मुलीला मागणी घालणार. तिकडे कोणी विचारलं, मुलगा करतो काय, तर काय सांगू? न्हाणीघरं घासतो? ज्या दिवशी तुझ्या हातात झाडू दिसेल, त्या दिवशी दुसरा चुलता शोध!"

मुलगी म्हणजे रनीम. इर्बिदमध्ये औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट. विद्यापीठापासून दोघांची ओळख, आणि दोघांचं मनातून ठरलेलं. जाहा गेली नाही तर लग्न नाही, आणि चुलत्याशिवाय जाहा नाही. वस्फीची पुरती कोंडी झाली.

मग त्याने शक्कल लढवली. डोक्याचा लाल-पांढरा रुमाल, शमाग, डोळ्यांपर्यंत गुंडाळायचा, जुनी विजार चढवायची आणि सकाळभर राबायचं. पाहुण्यांनी नाव विचारलं तर 'साबिर'. मालक कुठे म्हणून विचारलं तर, "साहेब अम्मानला गेलेत." दुपारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून साहेब परत यायचे.

आई, उम्म वस्फी, सगळं बघत होती. पाहुण्यांची न्याहारी तीच करायची. झातरचा मसाला, घट्ट दह्याचं लबने, ऑलिव्ह, गरम रोटी.

"साबिर," ती मुद्दाम हाक मारायची, "तुझ्या साहेबाला सांग, त्याची आई त्याला भेटायला तरसलीय."

"यम्मा, हळू बोल ना!"

आणि गंमत अशी, की साबिर भलताच गाजला! पाहुणे घरी जाऊन इंटरनेटवर लिहायचे, जागा सुरेख, पण साबिर म्हणजे सोनं. एका बाईंनी तर लिहिलं, मालकाचा पत्ता नाही, पण साबिर आहे तोवर मालकाची गरजही नाही. वस्फी ते वाचून हसायचा, आणि पुन्हा शमाग गुंडाळायचा.

एका गुरुवारी, अजून दहाही वाजले नव्हते, तोच एक गाडी चढण चढून आली. वस्फी हातात ओलं फडकं घेऊन पायरीवर उभा. गाडीतून उतरले एक धिप्पाड गृहस्थ, त्यांची पत्नी, आणि मागून रनीम! नोंदणी तिने आईच्या नावावर केली होती. वस्फीने शमाग आणखी वर ओढला.

"सलाम," गृहस्थ म्हणाले. "मी अबू निम्र. इर्बिदला माझी रोट्यांची भट्टी आहे. मालक आहेत का?"

आता खरं बोलायचा क्षण होता. फडकं खाली ठेवायचं, शमाग सोडायचा, की झालं. पण रनीमच्या वडिलांसमोर, या अवतारात?

"साहेब... अम्मानला गेलेत."

रनीमने त्याच्या डोळ्यांकडे एकदाच पाहिलं. शमागाने तोंड झाकतं, डोळे थोडेच झाकतात!

"अरे वा," ती म्हणाली. "आणि तुझं नाव काय?"

"साबिर."

"छान नाव आहे. साबिर, माझी बॅग जड आहे बरं का. आणि त्या खिडकीच्या कोपऱ्यात धूळ राहिलीय. तुझे साहेब रागावतील."

दिवसभर तिने त्याला पळ पळ पळवलं. उशी नको, चहात मरमियाची पानं कमी पडली, चूल पेटत नाही. अबू निम्र मात्र त्याच्यावर खूष. पायरीवर बसून ते त्याचं काम न्याहाळत होते.

"किती वाजता उठतोस?" त्यांनी विचारलं.

"चारला."

"मी तीनला. तीस वर्षं झाली." ते हसले. "आणि तुझे साहेब?"

वस्फी पुढच्या पायरीवर फडकं मारायला लागला.

संध्याकाळी नळावर तो बादली भरत होता, तिथे रनीम आली. हसू पार मावळलेलं.

"तीन महिने मी बाबांना सांगतेय," ती म्हणाली. "वस्फीने स्वतःच्या हातांनी घरं बांधली. स्वतः झाडतो, स्वतः पुसतो. तूच फोनवर सांगायचास ना मला? बाबा म्हणाले, चल, असा मुलगा बघायलाच हवा. आणि तू त्यांना काय दाखवलंस? पळून गेलेला साहेब!"

"अम्मो ऐकणार नाहीत, रनीम. जाहाच येणार नाही."

"तुझे अम्मो नंतर. आधी तू. झाडू मारायची तुला लाज नाही, हे मला माहीत आहे. झाडू मारताना कोणी बघितलं तर लाज! मग माझे बाबा तीन वाजता उठून कणीक मळतात, तेही तोंड गुंडाळून मळायला हवं होतं का? त्याच हातांनी आम्हा पाचही भावंडांना शिकवलं त्यांनी."

वस्फीची मान खाली गेली. बादली भरून वाहत होती, नळ बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

"उद्या दुपारी आम्ही निघतो," रनीम म्हणाली. "साबिरशी माझी ओळख नाही. आणि अम्मानला गेलेल्या साहेबाशी मला लग्न करायचं नाही."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारची नमाज आटोपून अबू हायल आले. इर्बिदची मंडळी आल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं, म्हणून सोनेरी काठाचा झगा घालून, गावातली चार वडीलधारी माणसं घेऊन आले. सगळे ओकच्या सावलीत बसले. वस्फी कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. उम्म वस्फी म्हणाली, "इथेच असेल कुठेतरी." आणि ती खोटं बोलत नव्हती, कारण वस्फी अजूनही शमाग गुंडाळून त्यांच्याच पुढ्यात वाकून कडू कॉफी देत होता. सख्ख्या चुलत्याने त्याला ओळखलं नाही! काम करणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवयच नव्हती त्यांना.

"जागा कशी वाटली?" त्यांनी ऐटीत विचारलं. "माझ्या पुतण्याची आहे."

"अशी स्वच्छता मी कुठे पाहिली नाही," अबू निम्र म्हणाले. त्यांनी कॉफीचा कप घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

सगळ्यांच्या नजरा त्या कपाकडे वळल्या. आमच्याकडे पाहुण्याने कप असा खाली ठेवला की त्याचा अर्थ एकच. माझं एक मागणं आहे, ते मान्य झाल्याशिवाय मी कॉफीला शिवणार नाही.

अबू हायल सावरून बसले. चार माणसांसमोर कोणी आपल्याकडे मागणं घालतंय, याहून मोठा मान कुठला! "बोला, अबू निम्र."

"तुमच्याकडचा हा साबिर मला द्या. राबणारा आहे, मन लावून करतो. मला तो माझ्या घरचा म्हणून हवाय."

"एवढंच?" अबू हायल खदखदून हसले. "प्या कॉफी! साबिर तुमचा झाला. या सगळ्यांसमोर शब्द दिला."

अबू निम्रनी कप उचलला आणि एका घोटात रिकामा केला. "साबिर, ये बाळा. तोंड दाखव आम्हाला."

वस्फीच्या हातात कॉफीचं भांडं होतं. त्याने रनीमकडे पाहिलं. ती हसली नाही, नुसती बघत राहिली. अजूनही पळता आलं असतं. मागे रान होतं, पुढे चुलता!

त्याने भांडं खाली ठेवलं आणि शमाग सोडला.

"अम्मो, मीच साबिर. गेले तीन महिने ही घरं मीच झाडतो, न्हाणीघरं मीच घासतो. आणि मला ते काम आवडतं! तोंड झाकलं तेवढी चूक केली. ती आता होणार नाही."

"ऐब!" अबू हायल ताडकन उठले. "माझ्या भावाचा मुलगा, इंजिनिअर, आणि..."

"तुम्ही शब्द दिलाय, अबू हायल," अबू निम्र शांतपणे म्हणाले. "मी कॉफी प्यायलोय. स्वतः झाडतो म्हणून रनीम सांगते तो हाच, हे मी कालच ओळखलं. आणि आताच जिची बढाई मारत होतात, त्या जागेची स्वच्छता कोणाच्या हातची होती? जागा चकचकीत असेल तर पुतण्या माझा, आणि फडकं मारणारा तो कोणी दुसरा, असं कसं चालेल?"

चारही वडीलधारी अबू हायलकडे बघत होती. ते उभेच होते. पुतण्याच्या हातांवर त्यांची नजर गेली. पाण्याने आणि साबणाने भेगाळलेले हात. इतक्या दिवसांत ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. हळूहळू ते खाली बसले.

"माझा मुलगा हायल चार वर्षं घरी आहे," ते म्हणाले. आवाज इतका मऊ, की त्यांचा वाटेना. "तीन कामं चालून आली होती. एक हॉटेलातलं, एक पेट्रोल पंपावरचं, एक बागेतलं. तिन्ही मीच नाकारली. ऐब म्हणून. आता तो दुपारपर्यंत उठत नाही, आणि माझ्याशी बोलतही नाही." त्यांनी वस्फीकडे पाहिलं. "तुला आणखी एक माणूस लागेल का रे?"

"मॅनेजर नको, अम्मो."

"झाडायला! झाडायला विचारतोय मी!"

आणि मग जो हशा पिकला! उम्म वस्फीने तिथेच आनंदाचा झगरुता घातला, रानभर तिचा आवाज घुमला. रनीमने पदराआड नव्हे, चांगलं मोकळेपणाने हसून घेतलं. मुलीच्या बापाने मुलाकडे येऊन मागणी घातली, असं लग्न या डोंगरात कधी ठरलं नव्हतं. अबू हायल म्हणाले, रीत उलटी झाली, म्हणून पन्नासऐवजी शंभर माणसांची जाहा घेऊन मी रीतसर जाणारच. आणि गेले.

मंडळी, आपण ज्याला ऐब म्हणतो ते एकदा नीट तपासून बघा. हात मळले तर ते धुता येतात. पण कामाला नाव ठेवून आपण ज्या मुलांना घरी बसवलं, त्यांची वर्षं कोणी परत देत नाही. काम करणारं तोंड कधी झाकू नये, आणि त्या तोंडाकडे बघायला कधी विसरू नये. हायल आता पाचला उठतो. पहिल्या दिवशी घरी जाताना तो अबू हायलना म्हणाला, "बाबा, आज मी दमलोय." आणि अबू हायल सांगतात, चार वर्षांत त्यांच्या घरात इतकं गोड वाक्य कोणी बोललं नव्हतं.