काशाची वाटी आणि तुळसाबाईच्या टाचा

मित्रांनो, माझ्या पाठीवरून बोट फिरवून पाहा. काठ एका बाजूला झिजला आहे, दोन ठिकाणी खळगे पडले आहेत, तरी अंग अजून गुळगुळीत आहे. मी काशाची वाटी. माझ्यात वाढून कोणी कधी जेवले नाही, कारण मी पाय चोळण्याची वाटी आहे.

तांबे आणि कथील एकत्र वितळवून वारासिवनीच्या एका कासाराने मला घडवले. नागपूर दुसऱ्या राज्यात गेले आणि आमचे बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले, त्या वर्षी तुळसाबाईचे लग्न झाले. तिच्या आईने मला आंदणात दिले आणि लेकीला जवळ घेऊन सांगितले, "हिवाळ्यात घरच्याइचे पाय चोळत जाजो व माय. तळव्यात तूप जिरलं का झोप लागते, अन् झोप लागली का माणूस धड राह्यते."

अशी मी लालबर्ऱ्याजवळच्या एका गावी आले. धानाची कापणी आटोपली की तिथे शेतांवर धुके उतरायचे आणि थंडी हाडांत शिरायची. मग तुळसाबाईची हिवाळ्याची रीत सुरू व्हायची. सकाळी कोवळ्या उन्हात सगळ्यांच्या अंगाला तिळाचे कोमट तेल, ऊन पाण्याने आंघोळ, ताजे गरम जेवण. सासूबाईंना सुंठीचा काढा, लेकीला जवसाचा लाडू. दिवेलागणीनंतर माझी पाळी. तळव्याला तूप लावून मला गोल गोल फिरवले की तळवा काळा होत जाई. लहानगी सीता ओरडायची, "माय, पाह्य व, गरमी निंगाली!" ती गरमी होती की तुपाची आणि माझ्या अंगाची झटापट, देव जाणे. पोर मात्र तिथेच पेंगायला लागायची.

एक माणूस तेवढा माझ्या हाती लागत नसे. तो म्हणजे तुळसाबाईचा नवरा, चैतराम महाराज. गोड गळ्याचे कीर्तनकार. त्यांनी नामाचा गजर सुरू केला की मांडवातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धार लागे. "देह नाशवंत आहे" हे त्यांचे आवडते निरूपण. म्हणून ते पौषातही गार पाण्याने न्हायचे, उघड्या छातीने कीर्तनाहून परतायचे आणि मग खोकत बसायचे.

एका संध्याकाळी त्यांनी ओसरीवर वीणा पुसली, तिच्यावर गवसणी चढवली आणि वरून घोंगडीही गुंडाळली. तुळसाबाई मला घेऊन उभीच होती.

"का जी, वीण्याले थंडी लागते?"

"लागन नाही तं? भोपळ्याले तडा गेला का सूर गेला. देवाच्या सेवेची वस्तू हाय ते."

"अन् गळा? तो काय देवाचं नाव नाही घेत? का तो बाजारातून दुसरा आनता येते?"

महाराज उत्तर द्यायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई फिसकन हसल्या. "हारला रे चैत्या. दे पाय."

त्या दिवसापासून ते पाय माझ्या हवाली झाले. गळ्याला गरम पट्टा आला, तोंडात ज्येष्ठमधाची काडी आली. पुढे लोक म्हणू लागले की महाराजांचा गळा वयाबरोबर गोड होत चालला आहे. हे ऐकले की कोनाड्यात मी मनातल्या मनात फुगायचे.

वर्षे गेली. सासूबाई देवाघरी गेल्या. सीता सासरी हट्ट्याला गेली. मग एका माघात आमच्याच देवळात सप्ताह बसला आणि काल्याचे कीर्तन महाराजांना आले. ते गावोगाव काल्याची कीर्तने करत हिंडले, पण घर आणि गाईगुरे सांभाळणाऱ्या तुळसाबाईने त्यांचे एकही ऐकले नव्हते. ती त्या दिवसावर डोळे लावून बसली होती.

सप्ताहासाठी माहेरी आलेल्या सीताला आई भिंत धरून चालताना दिसली.

"माय, पाय दाखव."

"काही नाही व. चिखलातले पाय, फुटतेच."

सीताने लुगड्याचा काठ वर सारला. टाचांना खोल भेगा, त्यांत रक्त साकळलेले, एक पाय सुजलेला. अंग तापाने भाजत होते.

"बाबा, हे कधी पाह्यलं का तुमी?"

महाराज खाली वाकून त्या टाचा पाहू लागले. मित्रांनो, मीही त्या पहिल्यांदाच पाहत होते. इतक्या हिवाळ्यांत सगळ्यांचे तळवे मला ओळखीचे झाले होते. जिच्या हातात मी होते, तिचेच नव्हते.

बैलगाडीने तिला लालबर्ऱ्याला नेले. डॉक्टरांनी जखमा धुऊन पट्ट्या बांधल्या, इंजेक्शन दिले आणि पाय जमिनीला लावायचा नाही असे बजावले.

"काल्याच्या दिवसापुरतं तं जाऊ द्या जी," ती म्हणाली. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

काल्याच्या दिवशी ती अंगणात उन्हात बाजेवर पडून होती. वाऱ्यावर महाराजांचा आवाज यायचा, मध्येच तुटायचा. दहीहंडी फुटल्याचा गलबला झाला तेव्हा तिने पडल्या पडल्या हात जोडले.

दुपारी महाराज आले, गळ्यात हार तसाच. प्रसादाचा द्रोण त्यांनी तिच्या हाती दिला, कोनाड्यातून मला काढले, आणि टाचेची पट्टी सांभाळून तिचा सूज नसलेला पाय मांडीवर घेतला. तिने तो झटकन ओढला.

"अजी, हे काय करून राह्यले? मले पाप लागन! गळ्यात माळ हाय तुमच्या."

"मांडवात उभा होतो. देह नाशवंत हाय म्हणायले गेलो, अन् तुह्या टाचा डोळ्यापुढं आल्या. पुढचा शब्दच नाही निंगाला. ठेव पाय."

"लोक पाह्यतीन."

"पाहू दे. आजचं माह्यं कीर्तन अर्धंच झालं, सीताची माय. बाकीचं इथं करून राह्यलो."

तिने पाय ठेवला. महाराजांच्या हाताला सवय नव्हती, ते मला भलतेच जोरात घासू लागले.

"हळू जी," ती डोळे पुसत म्हणाली, "चिपळ्या नोहेत त्या."

हळूहळू तळवा काळा झाला. मला मिळालेला तो तिचा पहिला काळा रंग.

आता मी सीताच्या घरी असते. पोटात चार खिळे आणि सुतळीचा गुंडा आहे. तक्रार नाही. मी काही औषध नाही, जखमेला डॉक्टरच लागतो. पण मित्रांनो, थंडी पडू लागली आहे. तुम्ही तेल लावाल, ऊन घ्याल, गरम जेवाल. हे सगळे तुमच्यासाठी जी करते, ती आज चुलीपाशी बसली की तिच्याजवळ जा आणि म्हणा, "माय, पाय दाखव."