परमुलखाचं दार

"थांबव! थांबव रे राधेश्याम, खाली घे!"

कल्याणनं आरोळी ठोकली तेव्हा क्रेनच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा झुपका भट्टीच्या वाटेवर अधांतरी झुलत होता. राधेश्यामनं केबिनमधून मान बाहेर काढली.

"काय झालं मामा? बाँब दिसला काय?"

"बाँब न्हाई. दार हाये. हळू ठेव."

जालन्याच्या एमआयडीसीतल्या त्या लोखंडाच्या कारखान्यात परदेशातून जहाजानं आलेलं भंगार उतरायचं, आणि ते भट्टीत जाण्याआधी कल्याणच्या नजरेखालून जायचं. एखादं बंद सिलिंडर, एखादा न फुटलेला गोळा चुकून आत गेला तर भट्टीच उडायची. म्हणून हे काम जुन्या फौजीकडं आलं होतं. कामात त्याची नजर घारीची. आज मात्र ती पुन्हा पुन्हा निसटत होती.

काल माऊलीचा फोन आला होता. बापाच्या पावलावर पाऊल टाकून पोरगाही फौजेत गेलेला. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशात शांतिसेना जाणार होती, तिच्यासाठी नावं मागवली होती. "तुम्ही हो म्हनलात तरच नाव देतो बापू. उद्या सांजच्याला सांगा," एवढं बोलून त्यानं सगळा भार बापाच्या पदरात टाकला. सकाळी डबा हातात देताना उषाबाई म्हणाली, "लंकेच्या लढाईतून आलात त्याला जमाना झाला. आजून झोपंत दाराला कडी घाला म्हनता. त्याला न्हाई म्हना. तुमचंच ऐकतो त्यो."

एका न्हाईनं पोरगा देशातच राहणार होता. एका होनं जाणार होता.

दार जमिनीवर टेकलं. पत्र्याचं, एका फळीचं, हिरवा रंग उडालेलं. कडी अजून तिच्या जागी होती. अंगभर गोळ्यांची भोकं.

चहा आला. भंगार छाटणाऱ्यांचा मुकादम सिराजोद्दीन पेला घेऊन दाराशेजारीच उकिडवा बसला. राधेश्याम खाली उतरला तो मोबाइलवरची बातमी वाचतच. कुठल्या मोठ्या देशानं कुठल्या छोट्या देशात फौज घुसवली होती.

"बेस झालं," राधेश्याम म्हणाला. "शेजाऱ्याच्या घरात साप निघाला तं आपुन काठी घेऊन जायाचं का न्हाई?"

"जायाचं की," सिराजोद्दीन म्हणाला. "पन साप तुझ्या घरात निघाला, तं त्यो मारल्यावर काठीवाला शेजारी घरला जातो, का तुझ्याच खाटंवर पाय पसरतो, ते बघ. आन् काठी फिरवता फिरवता रांजण फोडला, तं पानी कोन आनून देनार?"

"म्हंजे मरू द्यायचं लोकाला?"

"तसं म्या कवा म्हनलं?"

"मंग काय म्हनलं?"

"म्हनलं, चाय गार होऊन राह्यली."

सगळे हसले. राधेश्याम मात्र मागं हटेना. "मामाला इचारा. मामा गेल्ते लंकेला. सांगा मामा, फौज गेल्यानं दुनिया सुधरती का न्हाई?"

कल्याणचं बोट दाराच्या एका भोकावरून फिरत होतं. पत्र्याची कड आतल्या अंगाला वळली होती. "भायेरून मारल्यात," तो म्हणाला.

"कोनी? गुंडांनी, का लोकाला वाचवाया आलेल्या फौजेनं?"

"भोकावरून तेवढं न्हाई कळत."

मग कल्याणच म्हणाला, "आमच्या गावात घर सोडून जायाची येळ आली तं मानूस तुळया इकतो, दगडं इकतो. दार बैलगाडीत घालून संगं नेतो. नव्या घराला जुनं दार. दार कोनी मोडीत घालीत न्हाई. हे हितवर आलं, म्हंजे न्यायाला मागं कोनी उरलंच न्हाई."

"फौजी," सिराजोद्दीन हळूच म्हणाला, "तिकडं इकतही असतील. नवं दार घेतलं, जुनं घातलं भंगारात. समदी दुनिया काय जालना जिल्हा हाय?"

चेष्टाच ती, पण कल्याणला ती खोल लागली. परक्या मुलखाला आपल्या गावाचं माप लावायचं, ही चूक लंकेतही सगळ्यांनी मिळून केली होती. तिथल्या लोकांनी गळ्यात हार घातले तेव्हा वाटलं, हार घालणारा माणूस आयुष्यभराचा सोयरा. आपल्याकडं तसंच असतं.

जाफन्याकडच्या एका गल्लीत एक म्हातारी होती. फौज आली त्या पहिल्या दिवसांत तिनं दारात उभं राहून त्याला शहाळं दिलं. एकमेकांची भाषा येत नव्हती. तिनं गालाखाली हात घेऊन मान कलती केली, आतल्या लेकरांकडं बोट दाखवलं. निजली, म्हणाली असावी. पुष्कळ दिवसांनी निजली. मग महिने गेले, वारं फिरलं, ज्यांना वाचवायला गेले त्यांच्यातल्याच बंडखोरांशी लढाई जुंपली. गस्तीवर पुन्हा तीच गल्ली लागली. म्हातारीनं त्याला ओळखलं. ओळखलं, म्हणूनच आत गेली आणि कडी घातली. तो कडीचा आवाज घेऊन कल्याण मायदेशी आला. आल्यावर कुणी काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही.

लेकरं निजली तेही खरं होतं. कडी लागली तेही खरं होतं. राधेश्यामला यातलं कोणतं सांगायचं?

पाळी संपायच्या आत दार भट्टीत जाणारच होतं. लोखंड ते, त्याला दुसरी वाट नाही. उचलण्याआधी सिराजोद्दीननं त्यावर तळवा ठेवून ओठातल्या ओठात काही म्हटलं. कल्याणला जात्यावर बसलेली आई आणि तिची ओवी आठवली.

*दार माझ्या घराचं, बाई, जसं आईचं लुगडं,*
*झाकी घराची गरिबी, जरी फाटकं-उघडं.*

चुंबक खाली आलं आणि दार त्याला टप्पदिशी जाऊन चिकटलं.

मस्तगडला घरी आला तेव्हा दिवे लागायचे होते. उषाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं पाणी दिलं. फोन वाजला. तिला ऐकू यावं म्हणून कल्याणनं स्पीकर लावला.

"बापू, काय ठरलं?"

"तुझ्या मनात काय हाये?"

"जावं वाटतंय. लई हाल हायेत म्हनं तिथं. आम्ही गेलो तं निदान लेकरं साळंत जातील."

"जातील," कल्याण म्हणाला. "काही दिस तं बिलकुल जातील."

"आन् मंग?"

"मंगचं कोनालाच ठावं नसतं, बाळा."

"मंग जाऊ का नको?"

उषाबाईचे हात थांबले. कल्याणला तिच्याकडं बघवेना.

"जा," तो म्हणाला. "पन आईक. तिथली भाषा शिकवतेत का?"

"शिकवतील की. 'हात वर करा', 'दार उघडा', असली कामापुरती."

"त्याच्या आधी एक शिकून घे. 'पानी मिळंल का?'"

माऊली हसला. "आमचं पानी आमच्या संगंच असतंय बापू. टँकर असतेत."

"असू दे. तरी माग. दार उघडा म्हननारा त्या घराचा मालक व्हाया बघतो. पानी मागनारा उंबऱ्याभायेर उभा राह्यतो. दिलं तं पी. न्हाई दिलं तं रामराम कर आन् मागं फीर. तुझ्या हातात बंदूक असती, म्हनून सांगून राह्यलो."

पलीकडं हसू थांबलं होतं. "बराबर हाये, बापू," माऊली म्हणाला. इतकं सलग बाप लंकेबद्दल कधी बोलला नव्हता. आणि आत्ताही त्यानं लंकेचं नाव घेतलं नव्हतं.

उषाबाई उठली. मांडीवरचा कचरा तिनं सुपात झटकला, हात पदराला पुसले आणि फोन घेतला. आता ही रडणार, नाहीतर भांडणार, म्हणून कल्याण भिंतीला टेकला.

"माऊली."

"हां आई."

तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "मागून घेतलेलं पानी उकळून पेत जा."

फोन कल्याणच्या हातात देऊन ती पुन्हा सुपाशी बसली. शेंगा सोलून झाल्या होत्या. ती एकेक रिकामं टरफल उचलून, बोटांनी दाबून, पुन्हा पुन्हा बघत राहिली.