द्रोसिंगमामाचे दात

“कोळसा?” दारिभाने हातातला आरसा खाली केला. “मामा, तू दाताला कोळसा लावलास?”

“कोळसा आणि लिंबू,” खुर्चीत आडवा झालेला द्रोसिंगमामा म्हणाला. “पोस्टमास्तरीण म्हणाली, तिच्या जावयाचे मोत्यासारखे झाले.”

“तिच्या जावयाचे खोटे आहेत. मापं मीच घेतली होती.”

कोळशाने डाग निघत नाही. दाताचे कवच मात्र झिजते, आणि झिजलेल्या खडबडीत जागी रंग अधिक घट्ट बसतो. हे दारिभाने गावाला इतक्यांदा सांगितले होते, की सांगताना तिला स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा येई. डोंगरमाथ्यावरच्या त्या आरोग्यकेंद्रात दात साफ करायला लोक येत, माना डोलावत, आणि खुर्चीतून उतरताच आभारादाखल तिच्यापुढे क्वाय धरत: ओल्या सुपारीची फोड आणि चुना लावलेले पान. दंतस्वच्छतेचे शिक्षण घेऊन परतल्यापासून तिने ती तोंडाला लावली नव्हती. गावाने तिला तेवढे माफ केले होते. पगारी माणसात एखादे खूळ असायचेच.

मामाचे प्रकरण निराळे होते. शनिवारी दारिभाच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे, बानरीचे, लग्न होते. नवरामुलगा शिलाँगचा, खासी रीतीप्रमाणे तो बानरीच्या घरी राहायला येणार होता. त्याची माणसे दारात आली, की मुलीच्या कुळाच्या वतीने बोलायचे ते सर्वांत थोरल्या मामाने, म्हणजे द्रोसिंगमामाने. पण त्याचे दात क्वायने काळे पडलेले; बानरीने आडून सुचवले होते, की या वेळी ते काम दारिभाच्या इंजिनियर भावाला द्यावे. “तिकडचे लोक बघतील ना,” एवढेच ती म्हणाली. सोमवारी सकाळी मामा आपणहून येऊन खुर्चीत बसला.

यंत्र बराच वेळ घरघरत राहिले. थुंकीचे पाणी आधी काळपट, मग विटकरी, मग स्वच्छ आले. काळ्या थराखालून लहान, पिवळसर, अगदी साधे दात निघाले.

मामाने आरशात पाहिले. “हे कुणाचे?”

“तुझेच. इतकी वर्षं आत होते. आता नीट ऐक. शनिवारपर्यंत क्वाय बंद. एक फोडसुद्धा नाही. कुणी दिली तरी नाही. देवानं दिली तरी नाही.”

“देव कशाला देतोय? काँग थ्रेसी देते.” थ्रेसी म्हातारी झाली होती, तरी सारे गाव तिला काँग, म्हणजे ताई, म्हणे.

“मग तिला सांग, दारिभानं मनाई केलीय.”

गुरुवारी दुपारी बानरीची आई फिदा केंद्रात शिरली ती तरातरा. पाठोपाठ मामा, टोपी हातात घेऊन.

“काय करून ठेवलंस तू ह्याला?” फिदा म्हणाली. “दोन दिवस घरोघर लग्नाची बोलावणी करत फिरला. प्रत्येक घरानं पुढे क्वाय ठेवली आणि ह्यानं प्रत्येक घरात हात जोडले!”

“कारण सांगितलं ना त्यानं?”

“कारण कोण ऐकतंय, ताई? थ्रेसी म्हणाली, शहरातले व्याही मिळाले, आता आमच्या घरची सुपारी ह्यांना चालेनाशी झाली. मग आम्ही तरी ह्यांच्या दारी कशाला जायचं? डुक्कर कापायला येणारे अचानक कामात आहेत. भात शिजवायला बायका नाहीत. एक हंडी कुणी दिलेली नाही. शिलाँगची माणसं शनिवारी येऊन काय खाणार, तुझी पेस्ट?”

दारिभा मामाकडे वळली. “अरे, मनाई चावण्याला होती! घ्यायची, खिशात टाकायची!”

“खिशात?” मामा तिच्याकडे बघतच राहिला. “त्यांच्या चुलीशी बसून त्यांनाच फसवू? आणि तूच म्हणालीस, देवानं दिली तरी नाही.”

ती तसे म्हणाली होती खरी. जन्मभर तिचे न ऐकणाऱ्या गावात एकच माणूस असा निघाला, की ज्याने सूचना शब्दशः पाळली. तिला हातातला आरसा भिंतीवर फेकावासा वाटला.

“पुन्हा जातो सगळीकडं,” मामा टोपीची कड चाचपत म्हणाला. “खातो सगळ्यांची. दारात इंजिनियर बोलेल. तो छान बोलतो.”

“तो छान नाही बोलत,” दारिभा तडकली, “तो पुष्कळ बोलतो.” तिने हातमोजे ओढून काढले. “चल. तू बोलावणं कर. तुझ्या वाटची मी खाते.”

पहिल्याच घरी तिचे कान तापले. सुपारीने नाडी जलद होते, घाम फुटतो, डोके हलके होते. हे तिला कारणांसकट ठाऊक होते, आणि ठाऊक असण्याचा त्या क्षणी काडीचाही उपयोग नव्हता. घरचा माणूस हसला. “काँग दारी, टेकून बसा हो. आमची खुर्ची तुमच्या खुर्चीसारखी मागं पडत नाही!” दुसऱ्या घरी बायका दारात गोळा झाल्या. तिसऱ्या घरी तिने आपणहून हात पुढे केला. फोड निदान लहान तरी निवडता यावी.

थ्रेसीचे घर शेवटचे. तिला एकही दात उरला नव्हता. ती लोखंडी नळीत क्वाय कुटत बसली होती. मामा पायरीखालीच थांबला.

“आल्या का डॉक्टरीणबाई?” ती मान वर न करता म्हणाली.

“डॉक्टर नाही मी.”

“ते ठाऊक आहे मला. ए द्रोसिंग, तोंड उघड.”

मामाने ऐन रस्त्याकडेला तोंड उघडले. म्हातारीने डोळे बारीक केले.

“बरे आहेत. पोरपणी असेच होते तुझे.”

मग तिने नळीतला लाल लगदा बोटावर घेतला आणि दारिभापुढे धरला. तोंडातून नळीत जाणाऱ्या त्या बोटावरची क्वाय म्हणजे अर्धी तिची लाळ, हा विचार दारिभाने सगळ्या जंतुशास्त्रासकट गिळला आणि तोंड पुढे केले.

“भात शिजवायला किती वाजता यायचं?” थ्रेसीने विचारले.

दारिभाला बोलता येईना. ओठ उघडते तर रस पांढऱ्या कोटावर ओघळला असता. तिने पाच बोटे दाखवली.

“पहाटे?”

तिने मान डोलावली. घाम हनुवटीवरून खाली उतरला.

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. “बाहेर काय उभा राहिलास रे?” ती मामावर ओरडली. “फळीवरची मोठी हंडी उतरव. माझा हात नाही पोचत.”

मामाने पायरीशी चपला काढल्या आणि आत गेला.