सखल कोपऱ्यातलं भोक

नांदगाव खंडेश्वरच्या पुढं, शहराच्या कचऱ्यासाठी केलेल्या भल्यामोठ्या खड्ड्यात माणिकबाई झाडू मारत होती. हे वावर तिचंच. बोंडअळीच्या साली कापूस हातचा गेला आणि नवऱ्यानं, खुशालरावानं, वावर विकून टाकलं. आता त्याच वावरात ती रोजीनं यायची. बाया विचारत, "जीव कसा धजते वं तुया?" धजायला जीव राहिला होता कुठं! वरून टरफल साबूत, आत दाणा नाही, अशी गत.

खड्ड्यात जाड काळं प्लास्टिक अंथरलेलं. त्याला कुठं भोक आहे का हे शोधायला अकोल्याचा जहीर मशीन घेऊन आला होता. एक तार बाहेर जमिनीत, दुसरी प्लास्टिकवर मारलेल्या पाण्यात. प्लास्टिक धड असलं तर करंट अडतो, मशीन गप्प. भोक असलं की पाणी खालच्या मातीला भिडतं आणि मशीन शिट्टी मारतं. पुढं माणिकबाई झाडत जायची, मागून जहीर पाणी मारत यायचा.

सखल कोपरा आला तशी ती आडवी उभी राहिली. "इथचं झालं, दादा. पुढं चाला."

"झालं कुठं? अजून पाणी बी नाई पडलं," जहीर म्हणाला आणि त्यानं पाणी सोडलं. मशीननं शिट्टी मारली. त्यानं वाकून धूळ पुसली. बोटभर गोल भोक, कडा जळालेल्या.

"च्यायला, बिडी कोण फेकली इथं?"

"बिडी नाई. निखारा. म्या ठेवला."

मग तिनं सांगून टाकलं, भाजीचा भाव सांगावा तसं. हा कोपरा मुळातच सखल, म्हणून इथं खोदकाम झालं नाही. इथं तिचा पोरगा आहे. दोन वर्षांमागं तापानं गेला, सव्वा वर्षाचा. एवढ्याशाला कोणी जाळत नाही, वावरातच पुरतात. परवा अक्षय तृतीयेला जो तो आपल्या माणसांना जेवू घालत होता, म्हणून तीही गोवरीचा निखारा आणि पुरणाचा घास घेऊन आली. मागच्या साली मातीवर ठेवला तसाच निखारा खाली ठेवला आणि त्यावर घास सोडला. प्लास्टिक जळेल हे डोक्यातच आलं नाही.

"राहू द्या ना तेवढं," ती म्हणाली. "एवढं झाकन घातलं त्याच्यावर. तेवढीच त्याले खिडकी."

जहीर उकिडवा बसला. त्यांच्यात तर साऱ्यांनाच मातीत ठेवतात, त्याला जास्त समजवावं लागलं नाही. "बाई, ऐका. कचरा सडला का काळं पाणी सुटते. उतार इकडंच हाय, ते सारं इथंच येऊन जमा होईन. अन् भोकातून खाली जाईन."

"खाली म्हंजे?"

"सिद्धं खाली, बाई."

माणिकबाई भोकाकडं बघत राहिली. नासकी भाजी, मेलेली कुत्री, गटारातला गाळ, साऱ्या शहराची घाण थेंब थेंब त्याच्या तोंडावर. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला भीती वाटली.

"बुजवा," ती म्हणाली. "आताच्या आता बुजवा."

जहीरनं ठिगळ ठेवून गरम हवेनं चिकटवलं. ती शेजारी बसून होती. "त्या कडेले दाबा अजून." त्यानं दाबलं, थंड होऊ दिलं आणि वरून पाणी सोडलं. मशीन गप्प.

"अजून एकदा पाहा."

त्यानं पुन्हा पाहिलं. गप्पच.

"आता काईच नाई जात खाली?"

"काईच नाई, बाई. उद्या यावर माती टाकतीन, मंग कचरा."

माणिकबाईनं ठिगळावरचं पाणी पदरानं पुसलं.

"मातीचं पहिलं घमेलं मी टाकतो," ती म्हणाली. "त्याले पुरलं तवा मले कोणी इथवर येऊ नाई देल्लं."